तरव्यातलं रोप आणि छातीतली धडधड

खानापूरकडची भाताची लावणी ज्यानं जवळून बघितली आहे, त्याला पहिल्या आठवड्यातलं शेत आठवत असेल. तरव्यातून उपटून चिखलात लावलेलं रोप पिवळं, मलूल दिसतं. उपटताना मुळं तुटलेली असतात आणि नवी फुटेपर्यंत त्याला पाणी नीट ओढता येत नाही. रोप मेलेलं नसतं, त्याचं आत काम चालू असतं.

माझी भाची यंदा तशीच दिसत होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि जूनमध्ये एकदम बेळगावात पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स, सगळं इंग्रजीतून. सीमाभागातल्या किती घरांत हा जून येतो! फोनवर म्हणाली, "मामा, मॅडमनी नाव घेतलं की पोटात गोळा येतो, छाती धडधडते. उत्तर येत असतंय, पण तोंडातनं फुटत नाही."

अशा वेळी आपण पटकन म्हणतो, "घाबरू नको, शांत राहा." मीही तेच म्हणालो. हा सल्ला फारसा कामाचा नाही, हे नंतर वाचताना कळलं.

धडधडतं का? मेंदूला समोर आव्हान दिसलं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनालिन नावाचं संप्रेरक सुटतं. हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, यकृत रक्तात साखर सोडतं. थोड्या वेळानं कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरकही वाढतं. शरीर इंधन पुरवत असतं. खरा फरक पुढे पडतो. ‘हे मला जमण्यासारखं आहे’ असं वाटलं, तर रक्तवाहिन्या सैलावतात आणि वाढलेलं रक्त सहज वाहतं. ‘आता माझं काही खरं नाही’ असं वाटलं, तर त्या आवळतात. हृदय दोन्हीकडे धावतच असतं.

२०१० साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेरेमी जेमिसन यांच्या प्रयोगात परीक्षेची तयारी करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना एवढंच सांगितलं गेलं, की परीक्षेआधीची धडधड गुण कमी करत नाही, उलट मदत करू शकते. त्यांचे गणिताचे गुण इतरांपेक्षा जास्त आले. भाषेच्या भागात मात्र फरक पडला नाही. मला हा तपशील आवडतो, कारण जादूच्या गोष्टीत असं अर्धवट यश नसतं.

हेच ऑनलाइन शिकवता येतं का, हे डेव्हिड यीगर आणि सहकाऱ्यांनी तपासलं. अमेरिकेतले ४,२९१ विद्यार्थी, सहा प्रयोग, निष्कर्ष २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत. धडा जेमतेम अर्ध्या तासाचा, संगणकावर स्वतःच करायचा. त्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या: क्षमता कष्टानं वाढते, आणि ताणानं शरीरात जे होतं ते आपल्या बाजूचं असू शकतं. नंतर लोकांसमोर भाषण करायची वेळ आली, तेव्हा धडा केलेल्यांच्या रक्तवाहिन्या कमी आवळल्या.

याउलट ब्रिटनमध्ये आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांपैकी साधारण निम्म्यांना सजग ध्यान (माइंडफुलनेस) शिकवून पाहिलं. २०२२ मध्येच निकाल आला, की नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. ध्यान शिकलेल्या बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. तालमीत जाऊन नुसतं बसणाऱ्याचे दंड कसे फुगणार?

आणि ही सगळी मात्रा पेलण्यासारख्या ताणासाठी आहे, हे मला ठासून सांगायचंय. घरात मारहाण होत असेल, वर्गात कुणी छळत असेल, तर ‘धडधड चांगली असते’ असं सांगणं क्रूरपणाच. तिथं मुलाला नाही, परिस्थितीला बदलावं लागतं. मन फारच खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. तो मोफत आहे आणि रात्रीही चालतो.

भाचीला आधी मी एका इंग्रजी धड्याची लिंक पाठवणार होतो. मग माझंच मला हसू आलं. इंग्रजीच्या धास्तीवर इंग्रजीतला उतारा! शिवाय कणकुंबीकडच्या त्यांच्या वाडीत पावसाळ्यात रेंज चढावरच्या देवळापाशीच. म्हणून व्हॉट्सॲपवर तीन-तीन मिनिटांचे आवाज पाठवले, मराठीत. ती ते देवळापाशी उतरवून घ्यायची आणि घरी ऐकायची. शेजारच्या गोव्यात ‘संगत’ संस्थेनं शाळकरी मुलांसाठी मोबाइलवरचा खेळ केलाय. आधी खेळातल्या पात्राची अडचण सोडवायची, मग आपली, आणि सोबत बोलायला एक माणूस. ते सोबतचं माणूस मला महत्त्वाचं वाटलं, म्हणून दर आवाजानंतर मी तिला फोन करायचो.

एका आवाजात फक्त श्वास होता. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. हे व्हेगस नावाच्या मज्जातंतूचं काम. म्हणून सोडतानाचा श्वास लांबवायचा, मिनिटाला साधारण सहा श्वास पडतील असा. तिनं दोन दिवस केला आणि कंटाळली. मग बसमधून उतरल्यापासून कॉलेजच्या दारापर्यंत करायचं ठरलं. तेवढं टिकलं.

परवा फोन आला.

"मामा, धडधड काय थांबली नाही."

"मग?"

"धडधडत असतानाच हात वर केला. मायटोकॉन्ड्रिया म्हणताना जीभ अडकली, सगळी हसली. मॅडमपण. मग मी परत म्हटलं."