पावती कशाची फाडायची? राणीच्या बागेतल्या नियमांची पार्श्वभूमी

भायखळ्याच्या राणीच्या बागेत कुणी फूल खुडताना दिसले, तर रक्षक शिट्टी मारतो, दोन शब्द सुनावतो, विषय संपतो. तोच माणूस जाळीतून एखाद्या प्राण्याला वेफर टाकताना सापडला, तर मामला थेट केंद्रीय कायद्यात जातो. प्राण्याला आणि झाडाला वेगवेगळे माप का, याचे उत्तर बागेच्या इतिहासात आहे.

बाग मुळात झाडांचीच. शिवडीची जुनी बाग दफनभूमीसाठी गेली आणि तिच्याऐवजी 1862 मध्ये ही नवी खुली झाली. पुढे ती पालिकेकडे आली. 1890 मध्ये शेजारची सुमारे 15 एकर जागा जोडून प्राण्यांची सोय झाली, आणि त्यानंतर माणसे बागेत ‘प्राणी बघायला’ येऊ लागली. गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी ही वृक्षमंडळी आपापल्या जागी उभीच होती, पण तिकीट वाघासाठी काढले जाई. अलीकडे पेंग्विनसाठी.

जुन्या काळातले नियम साधेच असणार. वेळ पाळा, गवतावर चालू नका, फुले तोडू नका, असले फलक आपण सगळ्यांनी पाहिलेत. खरा बदल 1991 चा. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा दुरुस्त झाला, प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि त्यात 38-जे हे कलम बसले. प्राण्याला चिडवणे, त्रास देणे, इजा करणे, खायला घालणे, एवढेच नव्हे तर आवारात गोंगाट करणे आणि कचरा टाकणे, हे सगळे गुन्हे ठरले. त्या दुरुस्तीने शिक्षा ठेवली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास वर्षभरापर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड. बाग बुधवारी बंद असते तीही प्राण्यांना उसंत मिळावी म्हणून. झाडे बघायला येणाऱ्यानेही बुधवार टाळायचा.

2006 मध्ये पालिकेचे स्वच्छतेचे उपविधी आले. थुंकल्यास 200 रुपये, ठरवून दिलेली जागा सोडून पशुपक्ष्यांना खायला घातल्यास 500. 2018 मध्ये राज्याची प्लॅस्टिकबंदी आली, पहिल्याच खेपेला 5,000 रुपये. म्हणजे उर्वशीच्या बुंध्याशी पिशवी टाकली तर पावती फाडता येते. उर्वशीचा तुराच ओरबाडला तर कुठल्या पुस्तकातली फाडायची, हा प्रश्न उरतो.

इथे गुंता आहे तो ‘तोडणे’ या शब्दाचा. राज्याच्या नागरी क्षेत्रांसाठीचा वृक्ष कायदा 1975 चा. त्यात झाड तोडणे म्हणजे केवळ कुऱ्हाड घालणे नव्हे. जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणेही त्या व्याख्येत येते. अक्षरशः वाचले तर बुंध्यावर बदाम कोरून दोन नावे लिहिणारे प्रेमिक वृक्षतोडीचे आरोपी होतात. प्रत्यक्षात हा कायदा वापरला जातो तो बिल्डर, रस्ते आणि मेट्रो यांच्यासंदर्भात. परवानगी, हरकती, बदल्यात लावायची झाडे, असा त्याचा सारा संसार. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हटले. त्या हिशेबाने राणीच्या बागेत वारशाची गर्दीच आहे. तरी बागेत फिरायला आलेल्या माणसाचा हात त्या कायद्याच्या डोळ्यांसमोर कधी नव्हता. शिवाय झाड म्हटले की खोड आले. वाफ्यातली फुलझाडे, कुंडीतले ऑर्किड, एखादे दुर्मीळ कंदाचे रोप यांना त्यात ओढूनताणूनच बसवावे लागेल. वनस्पती उद्यानात जपायच्या असतात त्या नेमक्या याही गोष्टी.

साधारण 2007 पासून आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्राणिसंग्रहालयाची योजना पुढे आली, तेव्हा वृक्षप्रेमींनी हरकत घेतली ती याच मुद्द्यावर: हे आधी वनस्पती उद्यान आहे, मग प्राणिसंग्रहालय. वाद झाडे वाचवण्याचा म्हणून गाजला. माझ्या मते तो तितकाच नावाचाही होता. आवाराला प्राणिसंग्रहालय म्हटले की नियम, सुट्टीचा दिवस, फलकांची भाषा सगळे प्राण्यांकडून येते आणि झाडे सजावटीच्या खात्यात जातात. 2017 मध्ये प्रौढांचे तिकीट 5 रुपयांवरून 50 झाले तेव्हाही चर्चा पेंग्विनचीच झाली.

गंमत अशी की फूल खुडण्यावर सर्वांत स्पष्ट कायदा बागेहूनही दोन वर्षांनी जुना आहे. 1860 च्या दंडसंहितेत चोरीच्या व्याख्येखाली पहिलेच उदाहरण झाडाचे होते: जमिनीला जोडलेली वस्तू चोरता येत नाही, पण अप्रामाणिकपणे नेण्याच्या इराद्याने ती तोडून वेगळी केली की त्याच क्षणी चोरी घडते. देवपूजेसाठी पिशवीभर फुले नेणाऱ्या काकांना हे कुणी ऐकवत नाही, आणि चाफ्याच्या चार फुलांसाठी पोलीस बोलावणारा रक्षक अजून जन्मायचा आहे.

1 जुलै 2024 पासून त्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीची व्याख्या तशीच राहिली, शिक्षेत मात्र एक भर पडली. माल 5,000 रुपयांहून कमी किमतीचा, गुन्हेगार पहिलटकर आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. फूल परत कसे करायचे ते संहितेत नाही. किंमत भरता येईल. समाजसेवा म्हणून काकांना महिनाभर वाफ्यांना पाणी घालायला लावता येईल.