टेकडीवर निसर्ग दाखवणारी माणसं आली कुठून

रविवारी सकाळी पुण्यात वेताळ टेकडीवर गेलात तर गळ्यात दुर्बीण अडकवलेलं कुणीतरी दहा-बारा जणांना तांबट नाहीतर टकाचोर पक्षी दाखवताना हमखास दिसतं, आणि हे लोक प्रोफेसर नसतात, कुणी आयटीवाला, कुणी रिटायर्ड बँकवाला. ही जमात तयार व्हायला बराच काळ गेलाय.

निसर्गाच्या हौशी अभ्यासकांची परंपरा तशी जुनीच. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी सुरू केली, त्यात दोन भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. इकडे पुण्यात कॉलेज ऑफ सायन्सचे (म्हणजे आत्ताचं सीओईपी, पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज) प्रिन्सिपल थिओडोर कुक, मूळचे इंजिनिअर, त्यांनी अख्ख्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची नोंद केली आणि ती १९०१ ते १९०८ मध्ये छापून आली. पण हे सगळं इंग्रजीत आणि साहेबी थाटात, गावातल्या माणसाचं काम फार तर वाट दाखवायची.

खरा फरक मला वाटतो सत्तरच्या दशकात पडला. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक सह्याद्रीतल्या देवराया बघत फिरले, आणि जंगल राखायचं ज्ञान गावातच आहे, देवाच्या नावाने का होईना लोकांनी ते टिकवलंय, हे त्यांनी १९७६ च्या पेपरमध्ये शास्त्रीय भाषेत मांडलं. मग १९८२ मध्ये प्रकाश गोळ्यांनी पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी काढली आणि पुढे नोकरी-धंदा सांभाळून करता येईल असा इकॉलॉजीचा कोर्स सुरू झाला, वर्गातलं शिकणं आणि त्याला जोडून फील्ड व्हिजिट. आज पुण्यात टेकडी, नदी, तळं यावर बोलणारी किती माणसं तिथून निघाली याची गणती कुणी ठेवली असेल असं वाटत नाही.

शाळांचं बोलायचं तर १९९१ मध्ये पर्यावरणाच्या केसेस लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पर्यावरण हा विषय सक्तीचा करायला सांगितलं, आणि त्याचं पुढे काय झालं ते आपल्या सगळ्यांना माहितीय, सिनियरचं प्रोजेक्ट घ्यायचं, नाव बदलायचं, सबमिट. शिक्षकांना तरी कुणी ओढ्याकाठी नेऊन शिकवलं होतं? ती जागा मग व्हॉलंटियर लोकांनी भरली, जमेल तशी.

अमेरिकेत हाच प्रश्न त्यांनी वेगळ्या पद्धतीने सोडवला. १९७२ मध्ये वॉशिंग्टन राज्यात घरच्या बागेबद्दल विचारणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की कृषी विस्तारवाल्यांना (म्हणजे लोकांना शेती-बागेचा सल्ला देणाऱ्यांना) उत्तरं देणं झेपेना, म्हणून त्यांनी नागरिकांनाच शिकवून ‘मास्टर गार्डनर’ केलं. तोच साचा घेऊन नव्वदच्या दशकाच्या शेवटी टेक्सासात सॅन अँटोनिओपासून ‘मास्टर नॅचरलिस्ट’ आलं, म्हणजे बागेऐवजी निसर्गासाठी तयार केलेले व्हॉलंटियर. तिथे किमान ४० तास ट्रेनिंग घ्यायचं आणि वर ४० तास फुकट काम करून द्यायचं, तेव्हा कुठे सर्टिफिकेट. आपल्याकडचे जे कोर्स मी पाहिलेत त्यात ही परतफेडीची अट नव्हती, शिकलं, फोटो टाकला, संपलं. काही जण मनापासून करतात, पण ते स्वभावामुळे, कोर्समुळे नाही.

हे नुसतं कुरकुरणं नाहीये, कारण २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायत आणि महापालिकेत समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही (तिथली झाडं, प्राणी आणि लोकांचं त्याबद्दलचं ज्ञान यांची नोंद) करायची ठरली, म्हणजे गाडगीळ ज्याच्यामागे आधीपासून लागले होते तेच. बरीच वर्षं ते काम रखडलं, २०१९ मध्ये हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली, नाहीतर राज्याला महिन्याला १० लाख रुपये दंड, आणि मग देशभर नोंदवह्या लाखांनी तयार झाल्या. इतक्या घाईत गावातल्या म्हाताऱ्यांशी बसून बोलणार कोण, कंद कुठला, मासा कुठल्या महिन्यात चढतो हे विचारणार कोण? मावळ-मुळशीतल्या नोंदवह्या पुन्हा नीट लिहायच्या तर टेकडीवरच्या त्या दुर्बीणवाल्यांना तिकडे पाठवावं लागेल, आणि तिथे त्यांनी शिकवायच्या आधी बरंच ऐकून घ्यावं लागेल.