शेतावरची वाफ: जुन्या बाष्पयंत्रांच्या ओढीमागचा इतिहास

इंग्लंडमध्ये सुगीच्या सुमारास जुन्या वाफेच्या शेतयंत्रांचे मेळे भरतात. मेळ्याच्या मैदानावर पहाटेच भट्ट्या पेटतात, कारण थंड बॉयलरमधले पाणी तापून कामाजोगा दाब चढायला दोन-तीन तास सहज लागतात. तोवर इंजिनचालक सांध्यासांध्यांत तेल घालतो, कोळसा पसरतो आणि काचनळीतील पाण्याच्या पातळीवर नजर ठेवून असतो. ही यंत्रे रोजच्या शेतीतून जाऊन दोन पिढ्या उलटल्या, तरी माणसे मुलाबाळांसह दिवसभर उभी राहून त्यांची मळणी आणि नांगरट पाहतात. या ओढीला केवळ गतकाळाचे प्रेम म्हणणे मला अपुरे वाटते. ही यंत्रे शेतावर कशी आली, त्यांनी कसे काम केले आणि त्यांना मोडीतून कोणी वाचवले, या इतिहासातच तिचे मूळ आहे.

सुरुवात मळणीपासून झाली. स्कॉटलंडच्या अँड्र्यू मिकल याने १७८६ च्या सुमारास फिरत्या ढोलाचे मळणीयंत्र बनवले, परंतु ते फिरवायला घोडे किंवा पाणचक्की लागे. कॉर्नवॉलमधील खाणींच्या परिसरात वाढलेल्या रिचर्ड ट्रेविथिक याने १८१२ मध्ये सर क्रिस्टोफर हॉकिन्स यांच्या ट्रेविदन येथील शेतावर उच्च दाबाचे वाफेचे इंजिन बसवून मळणी करून दाखवली. ते इंजिन आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. यंत्राचे स्वागत मात्र सर्वत्र आनंदाने झाले नाही. हिवाळाभर धान्य झोडपून मिळणारी मजुरी हाच शेतमजुरांचा आधार होता, आणि १८३० मध्ये केंट परगण्यातून उठलेल्या दंग्यांत मजुरांनी मळणीयंत्रे फोडली. त्यांतील बहुतेक यंत्रे घोड्यांवर चालणारी होती. शिक्षा म्हणून शेकडो जणांना जहाजांत घालून ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत धाडण्यात आले. या यंत्रांविषयी प्रेमाने लिहिताना हे प्रकरण वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

एका जागी रोवलेले इंजिन मोठ्या जमीनदारालाच परवडे. म्हणून चाकांवरचे, घोड्यांनी ओढून न्यायचे इंजिन पुढे आले. इप्सविचच्या रॅन्सम कारखान्याने असे इंजिन १८४१ मध्ये लिव्हरपूलच्या कृषी प्रदर्शनात मांडले, आणि पुढच्याच वर्षी लिंकनमध्ये सुरू झालेल्या क्लेटन अँड शटलवर्थ या कंपनीने अशा इंजिनांचा मोठा व्यापार उभा केला. आता ठेकेदार इंजिन आणि मळणीयंत्र घेऊन गावोगाव फिरू लागले. इंजिन गंजीपासून दूर, लांब पट्ट्याच्या टोकाला उभे करत, कारण धुराड्यातून उडालेली एक ठिणगी वर्षाचे पीक जाळू शकत होती. मळणीचा दिवस उजाडला की शेजारचे हात मदतीला येत, पेंढ्यांचे बंध कापून त्या ढोलात सोडल्या जात, एका बाजूने धान्य पोत्यात पडे आणि दुसऱ्या बाजूला कडब्याची नवी गंजी उभी राही. ज्यांनी लहानपणी हे पाहिले, त्यांच्या मनात इंजिन आणि गावाचे एकत्र येणे या दोन गोष्टी कायमच्या जोडल्या गेल्या.

स्वतःची शक्ती असलेले इंजिन घोड्यांनी ओढावे, ही विसंगती रॉचेस्टरच्या टॉमस एव्हलिंग याला सहन होईना. तो स्वतः शेतकरी होता. १८५९ मध्ये त्याने क्लेटन अँड शटलवर्थच्या एका इंजिनाच्या भुजदंडापासून, म्हणजे दट्ट्यामुळे फिरणाऱ्या आसापासून, मागच्या चाकांपर्यंत साखळी जोडली आणि इंजिन आपल्या पायांनी चालू लागले. दिशा देण्यासाठी मात्र पुढे एक घोडा जुंपलेलाच असे.

नांगराचा प्रश्न याहून अवघड होता. इंग्लंडच्या ओल्या चिकणमातीत कित्येक टन वजनाचे इंजिन घातले, तर ते रुतते आणि जमीन दाबून टाकते. जॉन फाउलर याने १८४९ मध्ये आयर्लंडमधील बटाट्याच्या रोगामुळे पडलेला दुष्काळ पाहिला होता, आणि निचरा व नांगरट स्वस्त झाल्याखेरीज अन्न स्वस्त होणार नाही, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने इंजिन शेतात न नेता बांधावरच ठेवले आणि नांगर दोराने ओढला. या नांगरासाठी १८५८ मध्ये चेस्टरच्या प्रदर्शनात त्याला ५०० पौंडांचे बक्षीस मिळाले. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत शेताच्या दोन्ही कडांना एकेक इंजिन उभे राही, बॉयलरच्या पोटाखाली आडवे बसवलेले मोठे रहाट पोलादी दोर गुंडाळे, आणि दोन्ही इंजिने आळीपाळीने नांगर आपल्याकडे ओढून घेत. नांगर सी-सॉच्या फळीसारखा मध्यभागी चाकांवर तोललेला असे. एका बाजूचे फाळ मातीत असताना दुसऱ्या बाजूचे हवेत असत, त्यामुळे कडेला पोचल्यावर तो वळवावा लागत नसे. नांगऱ्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला की फळी कलंडे, शिट्टी वाजे आणि समोरचे इंजिन ओढू लागे. घोड्यांची जोडी दिवसात जेमतेम एकरभर नांगरी, तर इंजिनांची जोडी चांगल्या जमिनीत १० ते २० एकर उरकत असे. अशा टोळीत पाचेक माणसे असत, त्यांचा स्वयंपाक करणारा पोरगाही त्यांतच धरलेला, आणि हंगामभर त्यांचा मुक्काम चाकांवरच्या लाकडी खोलीत असे. फाउलर १८६४ मध्ये अवघ्या ३८ व्या वर्षी वारला. लीड्सच्या त्याच्या कारखान्याचे नांगर मात्र तोवर इजिप्तमध्ये पोचले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले, त्या तेजीने मुंबईत जसा पैसा ओतला, तशीच नाईलकाठी वाफेच्या नांगरांना मागणी आणली. मॅक्स आइट हा फाउलरचा जर्मन अभियंता ते चालवण्यासाठी तेथे गेला होता.

अमेरिकेत गवताळ प्रदेशाची जमीन कोरडी आणि टणक असल्याने तेथे इंजिनानेच नांगर मागे ओढला. रसीन गावच्या जे. आय. केस कंपनीने अशी आणि मळणीची मिळून ३५,००० हून अधिक वाफेची इंजिने बनवली. जेथे कोळसा दुर्मीळ होता, तेथे मळणीतून निघालेला कडबाच भट्टीत जाळला जाई. भारतात या घराण्याची ओळख झाली ती मुख्यतः रस्त्यांवर. एव्हलिंग अँड पोर्टर कंपनीच्या वाफेच्या रोडरोलरवर पुढच्या बाजूस केंट परगण्याचे चिन्ह असलेला, मागच्या पायांवर उभा राहिलेला पितळी घोडा असे. ज्याने असा जुना रोलर जवळून पाहिला आहे, त्याने एव्हलिंगच्या शेतइंजिनाचा सख्खा वंशजच पाहिला आहे.

पहिल्या महायुद्धात फोर्डसन ट्रॅक्टर आला. त्याला पहाटे उठून पेटवावे लागत नव्हते, पाण्याची गाडी मागे लागत नव्हती आणि एक माणूस पुरत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर शेकडो इंजिने लोखंडाच्या भावाने मोडीत गेली. अशा वेळी १९५० मध्ये ॲपलफोर्ड गावचा शेतकरी आर्थर नॅपर याने बिअरच्या पिंपाच्या पैजेवर आपले मार्शल कंपनीचे इंजिन एका मित्राच्या एव्हलिंग इंजिनाशी शर्यतीला उतरवले आणि शर्यत जिंकली. ती बातमी पसरली, पुढच्या शर्यतींना गर्दी लोटली आणि १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये इंजिनधारकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. अमेरिकेत आयोवा राज्यातील माउंट प्लेझंट येथे १९५० मध्येच जुन्या मळणीवाल्यांचा पहिला मेळावा भरला होता. ही यंत्रे वाचवणाऱ्यांपैकी अनेकांनी तरुणपणी त्यांवर घाम गाळला होता. ती मागे पडल्यापासून मोडीत जाईपर्यंतचा काळ इतका थोडा होता की, दहा वर्षे उशीर झाला असता तर फार थोडी हाती लागली असती.

या इंजिनांत झाकलेले काही नसते. दट्ट्याचा दांडा, भुजदंड, चक्र, पट्टा हे सारे डोळ्यांसमोर हलते, आणि ओझे वाढले की धुराड्यातला श्वास जड होतो. बापाला ते मुलाला बोटाने दाखवता येते. माझ्या मते ओढीचे खरे कारण हेच आहे, आणि धोकाही येथेच आहे. बॉयलरमध्ये भट्टीला वेढून असलेले पाणी तिच्या छतापेक्षा खाली गेले, तर छत तापून मऊ होते. म्हणून त्या छतात शिशाचा गाभा असलेली डाट बसवतात. उघडी पडताच ती वितळते आणि वाफ भट्टीत शिरून इशारा देते. जुलै २००१ मध्ये ओहायोतील मेदिना येथे एका जुन्या केस इंजिनाचा बॉयलर फुटून ५ माणसे मेली. त्यानंतर त्या राज्याने अशा ऐतिहासिक बॉयलरांसाठी तपासणीचा कायदा केला.

आता ज्यांनी ही यंत्रे पोटापाण्यासाठी चालवली, ती पिढी जवळजवळ संपली आहे. इंग्लंडमधील संस्थेने तरुणांसाठी शिकाऊ उमेदवारांचा स्वतंत्र गट चालवला आहे. ही मुले आधी राख काढतात, नळ्या घासतात, पितळ उजळतात, आणि मग एखाद्या मेळ्यात त्यांतली एखादी मुलगी नांगरटीच्या इंजिनावर उभी राहते. हात वाफेच्या दांड्यावर असतो, नजर शेतापलीकडच्या धुराड्यावर. पलीकडून शिट्टी येते, ती दांडा हलकेच ओढते, मातीत पडलेला दोर उचलला जातो आणि ताणला जातो.