रापणीचा दोर आणि ऐंशी जणांचं गाव

मध्यंतरी एका मित्राच्या आग्रहावरून दापोलीत एका बैठकीला गेलो होतो. मुंबई-पुण्यातली काही मंडळी मिळून डोंगरउतारावरची जमीन घेणार आणि नोकऱ्या सोडून तिथे राहायला येणार. शेती सामाईक, स्वयंपाकघर एक, मिळकत एकाच पेटीत. माणसं मनापासून बोलत होती, मला ती आवडली. सभासद किती असावेत, असं मी विचारलं. "ऐंशी." ऐंशीच का? तर जमिनीची किंमत ऐंशीनं भागली की प्रत्येकाचा हप्ता परवडतो.

माणसं समविचारी असली की बाकीचं जमतं, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. हा समज खोटा नाही, पण फार अपुरा आहे. अशा ठरवून वसवलेल्या वसाहती टिकतात की मोडतात, हे विचारांइतकंच डोक्यांच्या संख्येवर अवलंबून असतं.

मालवण-तारकर्लीकडे रापण ओढताना अनेकांनी पाहिली असेल. होडी अर्धवर्तुळात जाळं टाकत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन रांगा ते ओढू लागतात. चार-पाच जणांना भरलेलं जाळं हलणार नाही, म्हणजे संख्येची खालची मर्यादा उघड आहे. वरची मर्यादा दोर हातात घेतल्यावर कळते. एकदा मी त्या रांगेत उभा राहिलो. ओला दोर तळव्यांना काचत होता. थोड्या वेळानं माझे हात दोरावर होते, पण जोर गेला होता. मागचे काका शांतपणे म्हणाले, "तुमची टाच रुतना नाय." त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलंच नव्हतं, वाळूकडे पाहिलं होतं.

फ्रान्समधले कृषी अभियंते मॅक्स रिंगेलमान यांनी १८८०च्या दशकात हेच मोजलं. माणसं वाढली की एकूण जोर वाढतो, पण दर माणशी जोर घटतो. कदाचित ताळमेळ चुकत असेल, अशी शंका होती. म्हणून १९७४ साली अमेरिकेत अ‍ॅलन इंगम आणि सहकाऱ्यांनी लोकांचे डोळे बांधून त्यांना दोर ओढायला लावला. मागे आणखी माणसं ओढत आहेत, असं त्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात ती नुसती उभी होती. तरीही जोर कमीच लागला.

आता हे सामाईक स्वयंपाकघरात आणू. बारा जणांत मी एक दिवस अंग चोरलं, तर नुकसानीचा बारावा हिस्सा माझ्या ताटात येतो. ऐंशी जणांत ऐंशीवा. आराम मात्र दोन्हीकडे पूर्ण माझा. याला आवर घालते शेजाऱ्याची नजर, आणि त्या नजरेचं गणित फार झपाट्यानं बिघडतं. माणसांच्या संख्येला तिच्याहून एकनं कमी असलेल्या संख्येनं गुणा आणि निम्मं करा, म्हणजे जोड्या मिळतात. १२ जणांत ६६, ३० जणांत ४३५, ८० जणांत ३,१६०. पण खरी मेख पुढे आहे. मला कोण कसा वाटतो, एवढं कळून भागत नाही. कोणत्या दोघांमध्ये बोलाचाली बंद आहे, कोण कोणाला झाकतो, हेही ठाऊक लागतं, नाहीतर त्या दोघांना एकाच चुलीवर पाळी लावली जाते. म्हणजे मला वगळून उरलेल्यांच्या आपापसातल्या जोड्या. बारा जणांच्या घरात अशा ५५, ऐंशी जणांत ३,०८१. ही यादी प्रत्येकानं डोक्यात ठेवायची आणि ती रोज बदलत राहणार. ती मावली नाही की नजरेच्या जागी हजेरीवही येते, मग समिती, मग समितीवर देखरेख. ज्या ऑफिसातून माणसं निघाली, तेच इथे उभं राहतं.

मग दहा-बारा जणच बरे का? तिथे वेगळा धोका असतो. दोन कुटुंबं मुलांच्या शाळेसाठी परत गेली की अर्धी वसाहत गेली. गोठा कोण बघणार? आजच्या इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराकाठचा देगानिया हा पहिला किबुत्झ, म्हणजे सामाईक मालकीची शेती-वसाहत, १९१० साली बारा जणांनी सुरू केला आणि तो टिकला, कारण पुढे माणसं येत राहिली. उलट ब्रिटिश गिरणीमालक आणि समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांनी १८२५ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या न्यू हार्मनी या वसाहतीत सर्वांना खुलं आमंत्रण दिलं. काही महिन्यांत सुमारे आठशे जण जमले. दोन वर्षांत प्रयोग मोडला.

एका माणसाला किती जणांशी खरी ओळख राखता येते, यासाठी इथे बरेच जण '१५०' हा आकडा पुढे करतात. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबर यांनी १९९२ साली माकडवर्गीय प्राण्यांच्या मेंदूचा आणि कळपांचा आकार यांवरून माणसाच्या गटासाठी सुमारे १४८ हा अंदाज बांधला. पण २०२१ साली स्टॉकहोमच्या संशोधकांनी तेच गणित पुन्हा केलं, तेव्हा एका पद्धतीत अंदाजाची कक्षा ४ ते ५२० इतकी रुंद निघाली. तेव्हा दीडशे हा मंत्र नव्हे.

मंत्रांवरून आठवलं. अशी वसाहत मोडली की आपल्याकडे लगेच म्हणतात, जागा लाभली नाही, राखणदाराला नारळ दिला नाही. राखणदाराचा यात काही संबंध नाही, आणि अशा बोलण्यानं खरं कारण झाकलं जातं. मात्र मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड सोसिस यांनी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी वसाहती तपासल्या, तेव्हा धार्मिक वसाहती निधर्मी वसाहतींपेक्षा जास्त टिकलेल्या दिसल्या. त्यांतही ज्यांनी सभासदांकडून मोठा त्याग मागितला, त्या अधिक. इतकं सोडायला तयार झालेला माणूस सहसा अंग चोरत नाही, असा त्याचा एक अर्थ लावतात. शिमग्यात पालखीपुढे प्रत्येक घराला काही ना काही काम असतं, ते मला यासाठीच महत्त्वाचं वाटतं.

आणि आपलं गाव मुळात वाड्यांचं असतं. पाखाडी साफ करायची असो की लावणीला एकमेकांच्या शेतात जायचं असो, ते वाडीत ठरतं. अख्खं गाव जमतं देवळात. दापोलीच्या मंडळींना मी हेच सुचवलं: ऐंशी जण घ्या, पण चुली पाच-सहा ठेवा.

हे सर्वांत नेटानं हटराइट लोकांनी केलं आहे. १५२८ साली मोराव्हियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) सुरू झालेला हा ख्रिस्ती पंथ १८७०च्या दशकात उत्तर अमेरिकेत गेला. त्यांची मालमत्ता आजही सामाईक आहे. वसाहत दीडशेच्या आसपास पोचायच्या आधीच नवी जमीन घेतात आणि तिथे घरं-गोठे बांधून ठेवतात. मग कुटुंबांच्या दोन याद्या करतात. निघायचं कोणी, हे अनेक ठिकाणी शेवटपर्यंत ठरलेलं नसतं, म्हणून दोन्ही याद्यांतली घरं सामान बांधून बसतात. चिठ्ठी निघते. एक यादी गाड्यांत चढते, दुसरी गाठोडी सोडू लागते.