भाऊ दाजी लाड संग्रहालय वास्तू : जीर्णोद्धार

मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेतील (वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) संग्रहालयाच्या इमारतीला मूळ रूपात आणण्यासाठी २००३ ते २००७ या काळात झालेले काम.

संस्था आणि इमारत यांचे वय वेगळे आहे. १८५५ मध्ये कोटातील (आजच्या फोर्ट भागातील) टाऊन बराकीत संग्रह सुरू झाला; १८५७ च्या धामधुमीत बराकी लष्कराने घेतल्या व वस्तूंची नासधूस झाली. पुढे जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी आदींच्या पुढाकाराने वर्गणी जमली आणि १८६२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी नव्या इमारतीची पायाभरणी केली. उद्‌घाटनाचे वर्ष काही ठिकाणी १८७१ दिले जाते. २ मे १८७२ ही तारीख अधिक ग्राह्य वाटते. एवढ्या विलंबाचे कारण सहसा १८६५ मधील शेअर बाजाराची पडझड सांगतात.

आराखडा विल्यम ट्रेसी यांचा मानतात. त्यांच्या मृत्यूनंतर काम स्कॉट, मॅकक्लेलँड आणि कंपनीने पुरे केले. म्हणजे ‘मूळ’ म्हणावे ते रूपही बहुधा एका हातचे नाही. बाहेरून इमारत संयत पॅलेडियन (इटालियन वास्तुकार पॅलेडिओच्या प्रमाणबद्ध शैलीवर बेतलेल्या) धाटणीची, तर आत ओतीव लोखंडाचे खांब, सज्जा, मिंटन या इंग्रज कंपनीच्या रंगीत फरश्या आणि नक्षीदार छत असा व्हिक्टोरियन थाट. जीर्णोद्धारात खरा कस लागला तो या अंतर्भागात. अशा कामात कागदी आराखड्यापेक्षा भिंत अधिक बोलते : टीचभर जागा थराथराने खरवडली की वरच्या रंगाखाली आधीचा रंग, त्याखाली त्याआधीचा दिसतो, मात्र त्यातला ‘पहिला’ कोणता हे ठरवावे लागते. जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनःस्थापनाने थांबावे, हे १९६४ च्या व्हेनिस सनदेतील (वास्तुवारसा जतनाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतील) सूत्र येथे लागू पडते. येथे छतावरील स्टेन्सिल (कापीव साच्यातून रंगवलेली) नक्षी व सोनेरी मुलामा पुन्हा सिद्ध करण्यात आला. अशा नक्षीकामाचे कसब टिकवणे ही भिंतींहून मोठी कमाई म्हणावी लागेल.

मुंबई महानगरपालिका, इन्टॅक (वारसा जतन करणारी राष्ट्रीय संस्था) व जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी हे काम मिळून केले; संवर्धन-वास्तुविशारद विकास दिलावरी होते. २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार (उत्कृष्टता श्रेणी) मिळाला. जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ हे संग्रहालयाचे जुने नाव १९७५ मध्येच बदलून भाऊ दाजींचे दिले होते, त्यामुळे आतील प्रिन्स अल्बर्टचा पुतळा आता काहीसा पाहुण्यासारखा वाटतो.

बाहेर उभा असलेला घारापुरीचा दगडी हत्तीही जोडकामाचाच : १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला, तुकडे जुळवून १९१४ मध्ये पुन्हा उभा केला गेला.