शर्यतगाडीतील उष्णता-नियंत्रण, विद्यार्थीनिर्मित

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या एकआसनी शर्यतगाडीत एक्झॉस्टची व इंजिनकप्प्याची उष्णता चालक, इंधन, वायरिंग आणि इंजिनात जाणारी हवा यांच्यापासून दूर ठेवण्याची तजवीज. अशा गाड्यांच्या स्पर्धा अमेरिकेत १९८१ मध्ये सुरू झाल्या. भारतात ‘सुप्रा एसएई इंडिया’ २०११ पासून भरते. ‘फॉर्म्युला भारत’ कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, सहसा जानेवारीत होते. नाशिककर विद्यार्थ्यांची एक सोय अशी की पाइप वाकवणे, पत्रा कापणे, टिग वेल्डिंग ही कामे सातपूर-अंबडच्या वर्कशॉपांत होतात. हेडरसाठी, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या पहिल्या पाइपसाठी, पुण्या-मुंबईची वाट धरावी लागत नाही.

इंधनातल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते. तेवढीच इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात जाते आणि तेवढीच सायलेन्सरवाटे बाहेर पडते. भारतीय संघांच्या आवडीच्या केटीएम ३९० या ३७३ सीसी इंजिनातून पूर्ण भाराखाली निघणारा वायू ७०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो. तापलेला पाइप नुसता हवेला नव्हे, समोर दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूला उष्णता फेकतो. पाइपचा पृष्ठभाग ३०० वरून ६०० अंशांवर गेला की हे प्रारण दुप्पट नव्हे, सुमारे पाचपट होते. त्यात स्पर्धेच्या नियमांची अडचण: एक्झॉस्टचे तोंड मागच्या आसापासून ४५ सेंटिमीटरपेक्षा मागे आणि जमिनीपासून ६० सेंटिमीटरपेक्षा उंच नको. आवाजालाही मर्यादा, म्हणून सायलेन्सर मोठा. सगळा पसारा इंजिनाच्या कुशीतच कोंबावा लागतो.

खरी गोम मात्र वेगळी आहे. गाडी पळताना जितकी बिघडते त्याहून जास्त ती उभी राहिल्यावर बिघडते. सहनशक्तीची फेरी सुमारे २२ किलोमीटरची. अर्ध्यावर इंजिन बंद करून ३ मिनिटांत चालक बदलायचा. वारा थांबलेला, हेडर अजून धगधगता. त्याची धग हळूहळू इंधनाच्या नळीत आणि इंजेक्टरच्या रेलमध्ये (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीत) मुरते. पेट्रोलचे हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. दाब असेपर्यंत ठीक. इंधनाचा पंप बंद पडून दाब उतरला की रेलमध्ये वाफ धरते, नवा चालक स्टार्टर मारतो आणि इंजिन नुसते फिरत राहते. पाण्याचा पंप इंजिनावर चालणारा असेल तर पाणीही जागीच थांबलेले असते. अशा वेळी एकटा फॅन रेडिएटरमधले पाणी गार करतो, सिलिंडरच्या डोक्यातले नव्हे. म्हणूनच काही संघ विजेवरचा पंप बसवतात.

पाणी म्हणजे खरोखर नुसते पाणी. कूलंट (पाण्यात मिसळायचे रसायन) सांडल्यास ट्रॅक निसरडा होतो म्हणून नियमांनी ते वर्ज्य केले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवरच्या नाशकात उघडे पाणी ९८ अंशांनाच उकळते. रेडिएटरच्या झाकणाने सुमारे १.१ बार दाब धरला तर ही मर्यादा १२० च्या आसपास जाते. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर मोठा रेडिएटर बसवूनही उपयोग नाही, आणि बहुतेक जण आधी रेडिएटरच बदलतात. वळणावळणाच्या मार्गावर सरासरी वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो. कसारा घाटात खालच्या गिअरमध्ये चढणाऱ्या ट्रकसारखीच ही अवस्था: इंजिन जोरात, वारा कमी.

पाइपला गुंडाळायची पट्टी काचतंतूची किंवा बेसॉल्टतंतूची असते. बेसॉल्ट म्हणजे त्र्यंबकेश्वराचे देऊळ ज्या काळ्या पाषाणाचे आहे त्याच कुळातला दगड, वितळवून धागा केलेला. पट्टी उपयोगी, पण तिच्याखाली ओल साठून साधा पोलादी पाइप गंजतो. इंजिनाचे तेल तिच्यात झिरपले तर आगीला निमित्त. त्यापेक्षा पाइपपासून १०-१५ मिलिमीटर अंतर सोडून लावलेला पातळ, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा विद्यार्थ्यांना अधिक भरवशाचा. दोन्ही टोके उघडी हवीत, म्हणजे मधली गरम हवा निघून जाते. फॉइल थेट पाइपवर चिकटवण्यात मात्र अर्थ नाही. चालकामागची फायरवॉल, म्हणजे त्याला इंजिनापासून वेगळी करणारी आगरोधक भिंत, नियमानेच सक्तीची आहे.

आत जाणारी हवा गरम झाली तर ताकद घटते. सगळी हवा २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधून, म्हणजे नियमाने बसवलेल्या अरुंद गळ्यातून जाते. ३० ऐवजी ६० अंशांची हवा घेतली तर तिथून जास्तीत जास्त जाऊ शकणारे वस्तुमान साधारण ५ टक्के कमी होते. एअर फिल्टर सायलेन्सरच्या बाजूला ठेवणे ही नेहमीची चूक.

मोजमापात दोन फसगती. स्टेनलेस स्टीलच्या चकचकीत पाइपवर इन्फ्रारेड थर्मामीटर खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. तिथे उष्णतारोधक काळ्या रंगाचा ठिपका द्यावा, नाहीतर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बांधावे. दुसरी नाशिकची खास. डिसेंबरात मैदान रिकामे मिळते म्हणून चाचणी पहाटे होते, तेव्हा पारा १० अंशांच्या आसपास. कोइमतूरला तीच गाडी भर दुपारी तिशीच्या उन्हात उतरते. त्यामुळे चाचणी दुपारीच घ्यावी: ११ किलोमीटर जोरात, इंजिन बंद, ३ मिनिटे थांबून स्टार्टर. त्या ३ मिनिटांत रेलचे तापमान दर अर्ध्या मिनिटाला टिपून ठेवावे.