पानावरच्या छिद्रांत उरलेली हवा

अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे जुन्या वातावरणाची सर्वांत भरवशाची नोंद देतात, पण ती सलग नोंद साधारण ८ लाख वर्षांपाशी संपते. त्याच्या मागे कोट्यवधी वर्षं जायचं तर पानांना विचारावं लागतं.

पानाच्या खालच्या बाजूवर पारदर्शक नेलपॉलिशचा हात द्यावा, वाळला की चिकटपट्टीने सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. ओठांसारख्या दोन पेशी आणि मधे फट, अशी पर्णरंध्रं दाटीवाटीने दिसतात. या फटीतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेने पाणी निसटतं. हवेत कार्बन डायऑक्साइड मुबलक असेल तर थोड्या रंध्रांवर भागतं. मग पाणी कशाला दवडायचं? केंब्रिजमधले वनस्पतिशास्त्रज्ञ इयन वुडवर्ड यांनी १९८७ मध्ये वनस्पतिसंग्रहांतली, आठ जातींच्या झाडांची २०० वर्षांतली पानं तपासली. रंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती. कारखान्यांच्या धुराचा हिशेब पानं मुकाट्याने ठेवत आली होती.

जीवाश्म झालेल्या पानावरही हे मोजता येतं, कारण पानावरचा मेणचट थर कमालीचा चिवट असतो. खडक आम्लात विरघळवला तरी तो पापुद्र्यासारखा मागे उरतो, रंध्रांच्या ठशांसकट. जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासक जेनी मॅकएलवेन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ग्रीनलंड आणि स्वीडनमधल्या अशा पानांवरून सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या, ट्रायासिक काळाच्या अखेरीच्या महाविनाशाच्या वेळी कार्बन डायऑक्साइड जवळपास चौपट झाल्याचा अंदाज मांडला.

पण वनस्पती नुसत्या कारकून नव्हत्या, हवा त्यांनीच पालटली. ४० कोटी वर्षांपूर्वीच्या, स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या खडकातली झाडं म्हणजे वीतभर उंचीच्या बिनपानी काड्या. मोठी पसरट पानं यायला पुढे कोट्यवधी वर्षं गेली. इतका उशीर का? वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड बीअरलिंग यांच्या गटाने २००१ मध्ये दिलेलं उत्तर मला फार आवडतं: तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर, म्हणून रंध्रं कमी; रंध्रं कमी म्हणजे घाम कमी, तेव्हा मोठं पान उन्हात भाजूनच निघालं असतं. त्या काळी कार्बन डायऑक्साइड एवढा जास्त नव्हताच, असे अंदाज अलीकडे आले आहेत, त्यामुळे वाद मिटलेला नाही.

डेव्होनियन काळात (सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वी) झाडं उंच झाली, मुळं खोल गेली. मुळांनी खडक कुजवण्याचा वेग वाढवला, आणि सिलिकेट खडक (ग्रॅनाइट, बेसाल्टसारखे) झिजताना कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. पाठोपाठ कार्बनिफेरस काळातल्या (सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या) दलदलींत लाकूड न कुजता गाडलं गेलं; त्याचाच दगडी कोळसा झाला. लाकूड पचवणारी बुरशी तेव्हा नव्हतीच, ही गोष्ट खूप सांगितली जाते. २०१६ मधल्या एका अभ्यासाने ती खोडून काढली: खंडांच्या टकरीत खचत गेलेल्या खोऱ्यांना आणि दमट हवेला त्याने श्रेय दिलं.

गाडलेल्या कार्बनमागे प्राणवायू हवेत शिल्लक राहिला. आज तो २१ टक्के आहे. तेव्हा ३० टक्क्यांच्या आसपास गेला असावा. त्या हवेतल्या प्राणवायूचा एक साक्षीदार त्याच दगडी कोळशात सापडतो: वणव्यात जळलेल्या लाकडाचा, हाताला काजळी लावणारा ठिसूळ कोळसा. प्राणवायू साधारण १५ टक्क्यांच्या खाली असेल तर वणवा पसरतच नाही. असा एक तुकडा हाती आला, की निदान तेवढा प्राणवायू त्या हवेत होता हे नक्की.